टेलिफोनातला तानपुरा

२०२० सालच्या टाळेबंदीत सांगलीला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, आयुष्यात पहिल्यांदा फोनवर गाणे शिकवले. पस्तीस वर्षे ती समोर बसवूनच शिकवत आली होती. पण तिची एक शिष्या लग्नानंतर न्यू जर्सीला गेलेली. दोघींनाही घराबाहेर पडायची सोय नव्हती. भाच्याने स्मार्टफोन स्टँडवर लावून दिला, कानांत घालायला नवे बिनतारी इअरफोन दिले. अक्काने मिरजेचा तानपुरा जुळवला आणि सा लावला. दोन मिनिटांनी पलीकडून आवाज आला, ‘‘ताई, तानपुरा बंद पडलाय का?’’

तानपुरा चालूच होता. खोलीत तो भरून राहिला होता. मी शेजारी बसलो होतो, मला ऐकू येत होता. अक्का गायची तेव्हा शिष्येला अक्का ऐकू येई. तिच्यामागे तानपुऱ्याचा एखादा तुकडा उमटे आणि ती थांबली की तोही विझून जाई. अक्का म्हणाली, ‘‘म्हणजे मी गाते ते हवेत लटकतंय की!’’ आणि धडा बंद केला.

त्या वर्षी पुण्यात, मुंबईत, धारवाडात गाणे शिकवणाऱ्या कितीतरी घरांत हा अनुभव आला. पुष्कळांनी तो इंटरनेटच्या माथी मारला. मी मात्र त्या प्रश्नाच्या मागे लागलो. तानपुरा सांगलीतून निघाला होता आणि न्यू जर्सीला पोचला नव्हता. वाटेत त्याला कोणी उतरवले? शोध घेत गेलो तो पॅरिसमधल्या १८८१ सालच्या एका प्रदर्शनापर्यंत जाऊन पोचलो. फोनवर गाणे नीट का ऐकू येत नाही, आणि येते तेव्हा का येते, याचे उत्तर फोनच्या किमतीत फारसे सापडत नाही, इतिहासात सापडते.

दोन कान, दोन तारा

टेलिफोनवरून गाणे ऐकवण्याची कल्पना टेलिफोनच्या जन्मानंतर पाच वर्षांतच प्रत्यक्षात आली. बेलला पेटंट मिळाले १८७६ मध्ये. १८८१ मध्ये पॅरिसला विजेचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. तिथे क्लेमां आदेर या अभियंत्याने पॅरिसच्या ऑपेराच्या रंगमंचावर, पुढच्या दिव्यांच्या ओळीपाशी, टेलिफोनचे ध्वनिग्राहक बसवले आणि तारा थेट प्रदर्शनाच्या इमारतीपर्यंत नेल्या. ऐकणाऱ्याने दोन हातांत दोन रिसीव्हर धरून ते दोन कानांना लावायचे. डाव्या कानाची तार रंगमंचाच्या डाव्या बाजूच्या ग्राहकाला जोडलेली, उजव्या कानाची उजव्या. गायक रंगमंचावर इकडून तिकडे चालत गेला की आवाजही कानांमध्ये सरकत असे. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो तो लोकांनी पहिल्यांदा ऐकला असा, टेलिफोनवर आणि दोन्ही कानांना यंत्र लावून.

व्हिक्टर ह्यूगो त्याच वर्षी नातवंडांना घेऊन टपालमंत्र्याच्या घरी हा चमत्कार ऐकायला गेला होता. १८९० मध्ये पॅरिसला ‘थिएट्रोफोन’ नावाची कंपनीच निघाली. वर्गणी भरली की घरबसल्या ऑपेरा ऐकता येत असे. हॉटेलांत नाणे टाकून ऐकण्याची सोय होती. १९११ मध्ये मार्सेल प्रूस्त तिचा वर्गणीदार झाला आणि दम्याने बेजार असताना बिछान्यातून द्युब्युसीचा ऑपेरा ऐकू लागला. ही कंपनी १९३२ पर्यंत चालली.

म्हणजे खिशातल्या फोनवर वर्गणी भरून गाणे ऐकणे ही आपल्याला एकविसाव्या शतकाची गोष्ट वाटते, तिचा आराखडा एकोणिसाव्या शतकातच आखलेला होता. पण त्या आराखड्यात एक अडचण होती. तार, ग्राहक, रिसीव्हर सगळे बोलण्यासाठी बनवलेले होते. गाणे त्या घरात पाहुणे म्हणून आले होते. पाहुण्याने घरच्या रीतीप्रमाणे राहायचे असते.

घरची रीत काय होती? पुढे टेलिफोन व्यवहारात जो स्वरपट्टा रूढ झाला तो साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचा. बोललेले शब्द समजायला तो पुरतो, म्हणून तेवढाच ठेवला. एका तारेवर जास्त संभाषणे बसवता येतात. आता अक्काचा तानपुरा काळी चारचा. त्याच्या खर्जाच्या तारेची मूळ कंपने सेकंदाला सुमारे १०४. काळी एकला गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यात खर्ज सुमारे ६९. दोन्ही टेलिफोनच्या उंबरठ्याच्या खाली. जोडाच्या ताराही, काळी चारच्या, २०८ च्या आसपास; त्याही खालीच.

तरीही एवढ्याने तानपुरा नाहीसा व्हायला नको. कारण तानपुऱ्याची श्रीमंती मूळ स्वरात कमी आणि त्याच्या वर उमटणाऱ्या स्वयंभू स्वरांत जास्त असते. घोडीच्या सपाट, किंचित उतरत्या पाठीवर तार टेकलेली असते आणि तिच्याखाली जवारीचा दोरा सरकवलेला असतो. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या टिपणात याच घोडीचे आश्चर्य नोंदवले. तार जिथे छेडली असेल त्या जागेच्या हिशेबाने जे उपस्वर निघूच नयेत असे पाश्चात्त्य ध्वनिशास्त्राचा नियम सांगतो, तेही तानपुऱ्यातून ठणठणीत निघतात. हे उपस्वर टेलिफोनच्या पट्ट्यात सहज बसतात. आणि वरचे उपस्वर कानावर पडले की मेंदू खालचा न ऐकलेला मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. टेलिफोनवर पुरुषाचा भारी आवाज आपल्याला भारीच वाटतो तो यामुळे. तेव्हा अरुंद तार हे अर्धेच उत्तर झाले. बाकीच्या अर्ध्यासाठी आणखी थोडे पुढे यावे लागते.

पिन, पट्टा आणि स्वयंपाकघर

मध्यंतरी कानाला लावायची वस्तू घडत होती. तिचाही गाण्याशी संबंध नव्हता.

१८७८ च्या जानेवारीत अमेरिकेत न्यू हेवन इथे पहिले व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. एक्स्चेंजमध्ये बसलेल्या ऑपरेटरला एका वर्गणीदाराची तार दुसऱ्याशी जोडायची असे, दिवसात शेकडो वेळा. त्यासाठी एक्स्चेंजच्या फळ्यावर भोके आणि दोरीच्या टोकाला पिन अशी योजना आली. पाव इंच जाडीची ती पिन आजही इलेक्ट्रिक गिटारला आणि स्टुडिओतल्या हेडफोनला असते. तिचीच धाकटी, साडेतीन मिलिमीटरची पिन पुढे ट्रान्झिस्टर रेडिओच्या इअरफोनसाठी निघाली आणि तिथून वॉकमनमार्गे मोबाइलमध्ये आली. काही वर्षांपूर्वीपर्यंत आपण फोनच्या कडेला जे भोक शोधत असू ते टेलिफोन ऑपरेटर बाईच्या फळ्यावरचे भोक होते.

डोक्यावरून पट्टा आणि दोन्ही कानांवर वाट्या, हे रूप रुळवण्याचे श्रेय बहुतेक वेळा अमेरिकेतल्या युटा राज्याच्या नॅथॅनियल बाल्डविनला देतात. १९१० मध्ये त्याने आपला हेडफोन नौदलाकडे पाठवला. नौदलाला तो हवा होता बिनतारी संदेश ऐकण्यासाठी. क्षीण संदेशही त्यात स्पष्ट ऐकू येत, म्हणून नौदलाने मागणी नोंदवली. तेव्हा कळले की बाल्डविन एका वेळी दहाच नग देऊ शकतो, कारण तो ते घरच्या स्वयंपाकघरात बनवतो.

याच काळात आपल्याकडेही कानाला वाट्या लागल्या. मुंबईत रेडिओ क्लबने १९२३ मध्ये हौशी प्रक्षेपण केले आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्या काळातला स्वस्त रेडिओ म्हणजे क्रिस्टल संच. त्याला बॅटरी लागत नसे. हवेतून आलेल्या लहरींच्या जिवावर तो चाले, त्यामुळे त्यात कर्णा वाजवण्याइतकी ताकद नसे. तो हेडफोनवरच ऐकावा लागे. यंत्रात ताकद नसली की आवाज कानाशी आणावा लागतो, हा त्यातला धडा होता. पुढे तो पुन्हा उपयोगी पडला.

हेडफोन खऱ्या अर्थाने गाण्याकडे वळला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. बर्लिनच्या बायर कंपनीने १९३७ मध्ये फिरत्या वेटोळ्याचा, म्हणजे आजच्या बहुतेक हेडफोनांत असतो त्या तत्त्वाचा, डीटी ४८ आणला होता. पण घरगुती श्रोता अजून दूर होता. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी एका ध्वनिप्रदर्शनात सुटसुटीत रेकॉर्ड प्लेअर मांडला आणि सोबत एकट्याने ऐकायला म्हणून हेडफोन ठेवला. लोकांनी प्लेअरकडे फारसे पाहिले नाही. रांग लागली हेडफोनपुढे. स्टिरिओ रेकॉर्ड नुकत्याच बाजारात आल्या होत्या आणि डावे-उजवे इतके जवळून कोणी ऐकले नव्हते. आदेरची युक्ती सत्याहत्तर वर्षांनी घरी पोचली. १९६८ मध्ये जर्मनीच्या झेनहायझरने पिवळ्या स्पंजाचा, पाठीमागून उघडा एचडी ४१४ काढला. तो हलका होता आणि त्यात आवाज कोंडल्यासारखा वाटत नसे.

इथे एक तांत्रिक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण आजचा फोन घेणाऱ्यालाही ती लागू आहे. एचडी ४१४ चा विद्युत्‌रोध दोन हजार ओहम होता. असा हेडफोन वाजवायला विजेचा दाब जास्त लागतो. भिंतीच्या प्लगवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरला ते कठीण नव्हते. खिशातल्या यंत्राला ते झेपण्यासारखे नव्हते.

तीन व्होल्टमध्ये मैफल

१ जुलै १९७९ रोजी सोनीने जपानमध्ये वॉकमन विक्रीला ठेवला. किंमत ३३,००० येन. कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना विमानप्रवासात गाणे ऐकायचे होते आणि असलेले यंत्र फार जड होते, म्हणून वार्ताहरांसाठी बनवलेल्या छोट्या टेपरेकॉर्डरमधून ध्वनिमुद्रणाची सोय काढून टाकली आणि स्टिरिओ ऐकण्याची घातली. यंत्र पेन्सिल सेलच्या जोडीवर चाले, म्हणजे तीन व्होल्ट. त्यातून कर्णा वाजणार नव्हता. क्रिस्टल संचाचा धडा पुन्हा गिरवावा लागला. आवाज कानाशी आणला आणि हेडफोन असा बनवला की तो कमी दाबावरही वाजावा. रोध कमी, वजनही कमी.

पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोके होती. दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांना वाटे की एकट्यानेच ऐकणे शिष्टाचाराला धरून होणार नाही. एक नारिंगी बटणही होते. ते दाबले की गाणे हळू होई आणि शेजारच्याशी मायक्रोफोनमधून बोलता येई. लोकांनी दुसरे भोक फारसे वापरलेच नाही. आपल्याकडे आखातातून कोकणात सुट्टीला येणाऱ्या नातेवाइकांच्या बॅगांतून वॉकमन आले, तेव्हा एस.टी.च्या खिडकीशी बसून डोळे मिटून ऐकणारा तरुण सगळ्या गाडीला थोडा आगाऊच वाटे. गाणे चारचौघांत ऐकायचे असते हा समज त्या गाडीत बहुतेकांचा होता.

१९७९ याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. तिची बातमी कुठल्या वर्तमानपत्रात आली नसावी. युटा विद्यापीठातल्या स्टीव्हन बोल यांनी बोलण्यातला गोंगाट कमी करण्याच्या एका पद्धतीवर निबंध प्रसिद्ध केला. पद्धत सुबोध आहे. माणूस बोलताना मधूनमधून थांबतो. तो थांबलेला असताना जे काही ऐकू येते ते गोंगाट समजायचे. पंखा, इंजिन, यंत्राची घरघर. त्याचे मोजमाप करून ठेवायचे आणि माणूस पुन्हा बोलू लागला की तेवढे त्यातून वजा करायचे.

आता तानपुरा आठवा. गायक थांबतो तेव्हा कोण वाजत असते? न बदलता, एकसारखे, अखंड कोण वाजत असते? त्या पद्धतीच्या व्याख्येत तानपुरा तंतोतंत बसतो. आजच्या फोनांतले गणित बोल यांच्या पद्धतीपेक्षा पुष्कळ पुढे गेले आहे, बोलणे कोणते आणि गोंगाट कोणता हे यंत्राला असंख्य नमुन्यांवरून शिकवले जाते. पण प्रश्न तोच विचारला जातो : यातले बोलणे कोणते? तानपुरा बोलत नाही. त्याचे सगळे महत्त्व तो न बदलण्यात आहे, आणि न बदलणारे ते टाकाऊ असे यंत्राला शिकवलेले आहे.

तानपुऱ्याला वाटेत कोणी उतरवले त्याचे उत्तर मला इथे मिळाले. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. पंख्याच्या आवाजात आईचे बोलणे मुलाला नीट ऐकू यावे म्हणून केलेली ती सोय होती.

काय गाळायचे?

गाण्यातून काय गाळता येईल हा प्रश्न दुसऱ्या एका ठिकाणीही चालू होता आणि तिथेही मुळाशी टेलिफोनच होता. जर्मनीत एर्लांगन इथे प्राध्यापक डीटर झाइट्सर यांना टेलिफोनच्या नव्या डिजिटल तारेवरून संगीत पाठवायचे होते. पेटंट कचेरीने ते अशक्य ठरवले, तेव्हा त्यांनी हे काम कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग या विद्यार्थ्याला दिले. कॉम्पॅक्ट डिस्कवर, म्हणजे सीडीवर, आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, प्रत्येक नमुना १६ अंकांचा, दोन कानांसाठी दोनदा. हा प्रवाह सेकंदाला १४ लाख ११ हजार अंकांचा होतो. टेलिफोनच्या तारेत तो मावत नव्हता.

उपाय कानाच्या स्वभावात सापडला. ताशा वाजत असताना शेजारची कुजबुज ऐकू येत नाही. मोठा स्वर आपल्या आसपासच्या बारीक स्वरांना झाकतो. जे ऐकूच येणार नाही ते पाठवायचे कशाला? या तत्त्वावर एमपीथ्री उभे राहिले. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत मूळ सीडीच्या अकराव्या हिश्श्याइतकीच माहिती उरते. ब्रांडेनबुर्ग यांनी कसोटीसाठी सुझन व्हेगा या गायिकेचे वाद्यसाथीविना गायलेले एक गाणे घेतले, कारण एकट्या मानवी आवाजात लपायला जागा नसते. पहिल्या प्रयत्नांत त्या आवाजाची दुर्दशा झाली आणि तो सुसह्य होईपर्यंत सूत्रे बदलत राहिली. १४ जुलै १९९५ रोजी त्या फायलींना एमपीथ्री हे आडनाव मिळाले.

इथे न्यायाने सांगायला हवे की एमपीथ्री आणि गोंगाट गाळणारी चाळणी यांच्यात मोठा फरक आहे. एमपीथ्री विचारते, कानाला काय ऐकू येणार नाही? चाळणी विचारते, श्रोत्याला काय नको असेल? पहिला प्रश्न शरीराचा आहे. त्याचे उत्तर सांगलीत आणि एर्लांगनमध्ये एकच येईल. दुसरा प्रश्न संस्कृतीचा आहे. म्हणूनच पुरेशा मोठ्या एमपीथ्रीत तानपुरा बऱ्यापैकी शाबूत राहतो. फोनच्या संभाषणात तो मरतो.

भोक बुजले

मोबाइल फोन गाणी वाजवू लागले तेव्हा सुरुवातीची काही वर्षे पिनांचीच बजबजपुरी होती. प्रत्येक कंपनीचे भोक वेगळे. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये जॅक इतका खोलात बसवलेला होता की बाजारातल्या अनेक पिना आत जात नसत. २००८ मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला तर साडेतीन मिलिमीटरचे भोकच नव्हते. पुढे चार कड्यांची पिन आली, त्यात मायक्रोफोनची तारही सामावली. पण कड्यांचा क्रम दोन तऱ्हांचा राहिला. चुकीच्या क्रमाचा इअरफोन लावला की वाद्ये ऐकू येत आणि गायक गायब होई. कारण जमिनीची तार सुटली की दोन कानांतला फक्त फरक ऐकू येतो आणि मधोमध उभा असलेला गायक दोन्ही बाजूंना सारखाच असल्याने वजा होतो. इअरफोनचे बटण दाबून धरले की तो परत येई. वाचकांपैकी अनेकांनी ते बटण दाबले असेल.

७ सप्टेंबर २०१६ रोजी ॲपलने आयफोन ७ जाहीर केला आणि त्यातून जॅक काढून टाकला. ते करणारी ती पहिली कंपनी नव्हती, पण तिच्यामागे बाजार गेला. खोक्यात एक बोटभर लांबीची तार दिलेली होती. त्या तारेकडे लोकांनी चिडून पाहिले. खरे तर ती पाहण्यासारखी होती. फोनमधले गाणे अंकांत असते आणि कानाला लहर लागते. अंकांची लहर करणारा भाग, त्याला ‘डॅक’ म्हणतात, पूर्वी फोनच्या पोटात असे. आता तो त्या तारेच्या टोकात आला होता. डॅक फोनबाहेर आल्यामुळे श्रोत्याला तो निवडता येऊ लागला. आज यूएसबी-सीच्या तोंडाचे असे छोटे डॅक साध्या दुकानात मिळतात आणि त्यातले साधेसुधेही कमी रोधाचे इअरफोन उत्तम वाजवतात.

बहुतेकांनी मात्र तार सोडून ब्लूटूथ पत्करले. ब्लूटूथचा जन्म १९९४ मध्ये स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत झाला. एरिक्सन ही टेलिफोनची कंपनी, आणि ब्लूटूथचा पहिला मोठा उपयोग हात मोकळे ठेवून बोलण्याचा. गाण्यासाठी वेगळी वाट नंतर, २००३ च्या सुमारास, काढली गेली. त्यामुळे बिनतारी इअरफोनला दोन वाटा असतात. गाणे ऐकताना तो रुंद वाटेवर असतो : दोन कान, सेकंदाला सुमारे सव्वातीन लाख अंकांपर्यंत, सोनीच्या एलडॅकसारख्या नव्या पद्धतींत नऊ लाख नव्वद हजारांपर्यंत. पण त्याचा मायक्रोफोन चालू झाला की तो मुकाट्याने अरुंद वाटेवर उतरतो. दोन कानांचा एक होतो आणि सेकंदाला नमुने उरतात आठ हजार, फार तर सोळा हजार. १८८१ मध्ये आदेरने दिलेला दुसरा कान त्या क्षणी काढून घेतला जातो. २०२० मध्ये जाहीर झालेल्या नव्या ब्लूटूथ ध्वनिपद्धतीत ही दोन वाटांची अडचण सोडवलेली आहे, पण त्यासाठी फोन आणि इअरफोन दोघांनाही ती यावी लागते.

अक्काचा फोन, अक्काचे बिनतारी इअरफोन आणि संभाषणाचे ॲप, तिघांनी मिळून तिला टेलिफोन ऑपरेटर करून टाकले होते.

श्रोत्याच्या हाती

या इतिहासातून काही व्यवहाराच्या गोष्टी आपोआप निघतात.

पहिली : फोनवर गाणे चांगले ऐकायचे तर सगळ्यात आधी कानाशी जोड नीट हवी. कानात घालायच्या इअरफोनची रबरी टोपी सैल बसली की खालचे स्वर फटीतून निघून जातात. तबल्याचा डग्गा आणि तानपुऱ्याचा खर्ज त्यातच असतो. खोक्यात तीन मापांच्या टोप्या दिलेल्या असतात. त्या घालून पाहण्याला पैसे पडत नाहीत.

दुसरी : किमतीला भुलू नये. येरुन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापे किमतींशी ताडून पाहिली, तेव्हा स्वरांचा तोल आणि किंमत यांत काही नाते आढळले नाही. आधी ओळखीचे गाणे लावावे, मग पाकीट काढावे. जास्त रोधाचा मोठा हेडफोन थेट फोनला लावून तो पुचाट वाजतो अशी तक्रार करू नये. फोनच्या बॅटरीला तो दाब पुरवता येत नाही.

तिसरी : आवाज वाढवणे म्हणजे सुधारणे नव्हे. हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले की आवाज हळू असला की कानाला खालचे स्वर आणखी हळू वाटतात. म्हणून वाढवलेला आवाज भरदार भासतो आणि बोट वर सरकत राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये घालून दिलेली मर्यादा प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे; मुलांसाठी ७५. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत आणि जाताना त्या बहुधा वरचे स्वर आधी घेऊन जातात. जवारी तिथेच राहते. फोन बदलता येतो.

आणि चौथी, ज्यांना फोनवरून शिकायचे-शिकवायचे आहे त्यांच्यासाठी : तार लावा आणि ॲपच्या मांडणीत गोंगाट गाळण्याची सोय कुठे बंद होते ते शोधा. २०२० च्या त्या महिन्यांत जगभरचे संगीतशिक्षक ओरडले, त्यानंतर अनेक ॲपांत मूळ आवाज तसाच पाठवण्याची कळ ठळक झाली. पण ती आपणहून दाबावी लागते. न दाबता जे मिळते ते बोलणाऱ्यांसाठी असते.

आम्ही ती कळ शोधायला दीड महिना घेतला. तोवर शिष्येने तिकडे आपल्या फोनवर यंत्रातला तानपुरा लावून घेतला होता आणि अक्का इकडे तानपुऱ्याविना गात होती. धडे होत होते. पण अक्काचे म्हणणे होते की ती मुलगी आता माझ्या सा-ला सा लावत नाही, यंत्राच्या सा-ला लावते. आणि ते शिकवायला मी कशाला हवी?

मग भाच्याने माळ्यावरच्या खोक्यातून जुना तारेचा इअरफोन काढला, एक बोटभर डॅक आणला, मी ॲपच्या मांडणीत शिरून ती कळ दाबली. पलीकडेही तसेच करायला सांगितले. अक्काने तानपुरा छेडला आणि या वेळी ती गायली नाही. नुसती छेडत राहिली. मिनिटभर पलीकडून काहीच आवाज आला नाही, तेव्हा मला वाटले पुन्हा बिघडले.

मग ती मुलगी म्हणाली, ‘‘ताई, पंचमाची तार किंचित उतरलीय.’’

अक्काने खुंटी हातात घेतली. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत फारसे न दिसणारे समाधान होते. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्ही घरात पेढे वाटले. पण मला विचाराल तर अक्काच्या तानपुऱ्याचा मान त्या संध्याकाळी राखला गेला होता. एकशेचाळीस वर्षे टेलिफोनने गाण्याला ओसरीवर बसवले. त्याला माजघरात घ्यायचे की नाही, हे ठरवणारी कळ आता आपल्या बोटाखाली आहे. ती कुठे आहे, एवढे मात्र माहीत हवे.